‘बाई, छंद तिकिटं कसा गोळा करेल?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका गावातल्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. वय 38. शिक्षण मराठी माध्यमात, डी.एड. करून नोकरी, आणि गेली 12 वर्षं इंग्रजी विषय त्यांच्याकडे. ‘क्रियापदाला आयएनजी लागलं की चालू काळ’ हा नियम त्या दरवर्षी फळ्यावर लिहून देत आल्या. गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात ‘माय हॉबी इज कलेक्टिंग स्टॅम्प्स’ या वाक्याचा काळ ओळखायचा होता. वर्गाने एका सुरात ‘चालू वर्तमानकाळ’ म्हटलं, बाईंनी ‘बरोबर’ म्हटलं, आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, ‘‘बाई, छंद तिकिटं कसा गोळा करेल?’’ ‘पुस्तकात असंच असतं’ असं सांगून बाईंनी वेळ मारून नेली. रात्री मोबाइलवर शोधताना जेरंड, जेरंड फ्रेज, प्रेझेंट पार्टिसिपल, इन्फिनिटिव्ह अशी नावं एकामागून एक समोर आली आणि 12 वर्षं आपण चुकीचं शिकवलं या विचाराने त्यांची झोप उडाली. सहकारी म्हणतात, सोडून द्या, परीक्षेत त्यावर कितीसे गुण असतात. मुलांसमोर चूक कबूल केलीत तर मुलं किंमत ठेवणार नाहीत. एका प्रशिक्षणात त्यांना ‘इंग्रजीच्या तासाला मराठी अजिबात नको’ असं बजावलं होतं, आणि आपलं मराठीच आपल्या इंग्रजीच्या आड येतं असं त्यांना मनापासून वाटतं. मुख्याध्यापकांना सांगून इंग्रजी विषय दुसऱ्या कुणाला द्यायला लावावा का, असं त्या विचारतात.

बाई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या मुलीच्या प्रश्नापाशी बराच वेळ थांबले. मी 30 वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. जेरंड ओळखायची इतकी सोपी, इतकी नेमकी कसोटी एवढ्या वर्षांत एकाही मुलाच्या तोंडून ऐकली नव्हती.

तिने काय केलं बघा. ‘इज’च्या शेजारी ‘कलेक्टिंग’ दिसलं म्हणून ती थांबली नाही. ही क्रिया करतंय कोण, हे तिने शोधलं. ‘माय सिस्टर इज कलेक्टिंग स्टॅम्प्स’ असतं तर बहीण तिकिटं गोळा करते आहे, चालू काळ, काही अडचण नाही. पण इथे कर्त्याच्या जागी छंद बसलाय, आणि छंदाला हात नसतात. म्हणजे या वाक्यात ‘इज’ हे एकटंच क्रियापद आहे. काळ साधा वर्तमान. आणि ‘कलेक्टिंग स्टॅम्प्स’ हे दोन शब्द मिळून ‘माझा छंद काय’ याचं उत्तर देतात: तिकिटं गोळा करणं. क्रियापदापासून तयार झालेलं हे नाम म्हणजे जेरंड. एकटं ‘कलेक्टिंग’ हा जेरंड. त्याने ‘स्टॅम्प्स’ हे आपलं कर्म बरोबर घेतलं की ती जेरंड फ्रेज. रात्री मोबाइलवर तुम्हाला ज्या नावांनी घाबरवलं त्यातल्या दोन नावांचा निकाल तुमच्याच विद्यार्थिनीच्या एका प्रश्नात लागतो.

आता तुमच्या नियमाकडे येते. ‘आयएनजी म्हणजे चालू काळ’ यात खोटं काही नाही, फक्त दोन तृतीयांश गोष्ट राहून गेली आहे. इंग्रजीत हे रूप मुख्यतः तीन कामं करतं. ‘द गर्ल इज स्विमिंग’ म्हणजे मुलगी पोहत आहे. ‘अ स्विमिंग डक’ म्हणजे पोहणारं बदक. ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’ म्हणजे पोहणं हा चांगला व्यायाम आहे. इंग्रजीत तिन्हीकडे ‘स्विमिंग’. मराठीत मात्र पोहत, पोहणारं, पोहणं. ज्या तीन कामांना इंग्रजी एकाच प्रत्ययावर भागवते, त्यांना मराठीने तीन वेगळे प्रत्यय दिले आहेत, आणि तुमच्या वर्गातलं प्रत्येक मूल शाळेत येण्याआधीपासून ते बिनचूक वापरतंय. ‘पोहणारं माझा छंद आहे’ असं चार वर्षांचं पोरही म्हणणार नाही.

म्हणून तुमचं मराठी तुमच्या आड येतं, हे मला पटत नाही. या धड्यापुरतं तरी ते तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन आहे. आयएनजी दिसलं की मुलांनी ते मराठीत म्हणून बघायचं. तोंडात ‘-त’ आलं तर ते क्रियापदाचा भाग, ‘-णारा, -णारी, -णारं’ आलं तर विशेषणाचं काम (या दोन्हींना प्रेझेंट पार्टिसिपल म्हणतात), ‘-णं’ आलं तर जेरंड. ‘स्विमिंग पूल’ विचारा. तलाव पोहत नाही, तो पोहण्याचा तलाव. ‘स्लीपिंग बेबी’ आणि ‘स्लीपिंग बॅग’ शेजारी शेजारी लिहा. मराठीत आपण ‘झोपणारं बाळ’ न म्हणता ‘झोपलेलं बाळ’ म्हणतो, पण बाळ झोपलंय आणि पिशवी झोपलेली नाही, ती झोपण्यासाठी आहे, एवढं आठवीच्या मुलांना सांगावं लागत नाही.

आणि नावाचंही भय नको. मराठी व्याकरणाच्या तासाला तुम्ही ‘धातुसाधित नाम’ शिकवत असाल किंवा कधी तरी शिकला असाल. पोहणे, लिहिणे, वाचणे. जेरंड हा त्याचाच इंग्रजी भाऊ. तो अर्धा नाम असतो, अर्धा क्रियापद, आणि हे अर्धेपणही आपल्याला परकं नाही. ‘पोहण्याने, पोहण्यात, पोहण्याची’ असे विभक्तीचे प्रत्यय घेतो तेव्हा ‘पोहणं’ नामासारखं वागतं. ‘रोज पहाटे नदीत पोहणं’ म्हणतो तेव्हा क्रियापदासारखं कधी, कुठे हे सगळं बरोबर घेऊन येतं. ‘स्विमिंग इन द रिव्हर एव्हरी मॉर्निंग’ ही जेरंड फ्रेज अशीच बनते. एवढी लांबलचक फ्रेज असली तरी वाक्यात तिचं वजन एका नामाइतकं. म्हणून ‘रायटिंग लेटर्स इज हार्ड’, ‘आर’ नाही. ‘लेटर्स’ अनेकवचनी दिसतं म्हणून हुशार मुलंही तिथे ‘आर’ लिहितात. त्यांना फक्त मराठीत म्हणायला लावा: पत्रं लिहिणं अवघड आहे. ‘पत्रं लिहिणं अवघड आहेत’ कोण म्हणेल?

अजून एक ठिकाण आहे जिथे मराठी मूल इंग्रजांच्या पुढे असतं. ‘त्याचं उशिरा येणं मला आवडत नाही’ यात आपण ‘त्याचं’ म्हणतो. औपचारिक इंग्रजीतही ‘हिज कमिंग लेट’. बोलताना मात्र इंग्रज लोक सर्रास ‘हिम कमिंग लेट’ म्हणतात, आणि 1920च्या दशकात इंग्रज कोशकार हेन्री फाउलर यांनी ते चूक ठरवलं तेव्हा डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन त्यांच्याशी भांडले. आज दोन्ही रूपं चालतात. पण अर्जात, औपचारिक पत्रात ‘हिज’ बिनधोक, आणि ते आपल्याला आपोआप सुचतं.

वर्गात सुरुवात पुस्तकातून करू नका असं सुचवेन. मुलांना मैदानावर काय बोलता ते विचारा. ‘आता बॅटिंग कुणाची?’ ‘माझी बॅटिंग झाली.’ ‘त्याची फील्डिंग चांगली आहे.’ ‘माझी’, ‘त्याची’, ‘चांगली’ असं ज्याला लावता येतं ते नाम. मुलांनी तर बॅटिंगला स्त्रीलिंगही देऊन टाकलंय. तालुक्याच्या गावाला ‘नो पार्किंग’, ‘नो स्मोकिंग’ या पाट्या बघितलेल्या असतात. ‘नो’नंतर नाम येतं: नो वॉटर, नो मनी, नो पार्किंग. ट्रेनिंग, बुकिंग, वायरिंग, शूटिंग, असे 20 शब्द मुलं 10 मिनिटांत काढतील. एक सांभाळायचं: यातले काही, उदाहरणार्थ बिल्डिंग, आता पूर्ण नाम झाले आहेत. चार बिल्डिंगा असं आपण मोजतो, आणि तिथे बांधण्याची क्रिया कुणाच्या मनातही नसते. जेरंडमध्ये ती क्रिया जिवंत असते. ‘बिल्डिंग अ हाउस टेक्स टाइम’ यात घर बांधायला अजून कुणी तरी विटा रचतोय.

तुम्ही लिहिलंय की एकाच रूपाची इतकी नावं का, हे डोक्यातच शिरलं नाही. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे रूप एक नव्हतंच. नामासाठी शेवटी ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ लागायचं, आणि ‘करत असलेला’ या अर्थी ‘-एंडे’. नंतर, साधारण 12व्या ते 15व्या शतकांदरम्यान, ‘-एंडे’ घासत घासत ‘-इंग’सारखंच होऊन बसलं. जर्मनने मात्र दोन्ही जपले. तुमच्या ओळखीत कुणी जर्मन शिकलं असेल तर त्यांना ‘-उंग’ने संपणारी नामं आणि ‘-एंड’ने संपणारी विशेषणं माहीत असतील. म्हणजे तुमच्या फळ्यावरचा गोंधळ इंग्रजीच्या स्वतःच्या इतिहासातून आलेला आहे. दोन वेगळ्या वाटा एका रस्त्याला मिळाल्या, आणि शिकणाऱ्याला वाटतं पहिल्यापासून एकच वाट होती.

आता जिथे माझं मन सगळ्यात जास्त रमतं तिथे येते. इंग्रजीत काही क्रियापदांपुढे आयएनजीही चालतं आणि ‘टु’ही (म्हणजे ‘टु’सह मूळ क्रियापद, तेच इन्फिनिटिव्ह) चालतं, पण अर्थ बदलतो. व्याकरणाच्या पुस्तकांत ही यादी पाठ करायला देतात. मराठी मुलाला पाठ करायची गरजच नाही.

‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी.’ त्याने चहा पिणं सोडलं. ‘ही स्टॉप्ड टु ड्रिंक टी.’ तो चहा प्यायला थांबला. पहिल्याच्या घरी चहाची भुकटी येणं बंद, दुसरा टपरीवर उभा आहे. ‘-णं’ आणि ‘-आयला’, एवढाच फरक, आणि तो आपल्या तोंडात तयार आहे.

‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर.’ दाराला कुलूप लावल्याचं मला आठवतंय. ‘आय रिमेंबर्ड टु लॉक द डोअर.’ मी आठवणीने कुलूप लावलं. पहिल्यात कुलूप आधी लागलं, आठवण मागून आली. दुसऱ्यात आठवण आधी, कुलूप नंतर. ‘लावल्याचं’ यातला तो ‘-ल्या’ बघा, काम होऊन गेल्याची खूण आहे ती. ‘फर्गेट’चंही तसंच. ‘आय विल नेव्हर फर्गेट मीटिंग हर’, तिला भेटल्याचं मी कधी विसरणार नाही. ‘आय फरगॉट टु मीट हर’, तिला भेटायला विसरले.

सरकारी पत्रातलं ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ म्हणजे आपणास कळवण्यास खेद होतो. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय. खेद पुढे कळवायच्या गोष्टीचा, पश्चात्ताप सांगून झालेल्या गोष्टीचा.

आणि माझं लाडकं उदाहरण. ‘ट्राय टु ओपन द विंडो.’ खिडकी उघडायचा प्रयत्न कर. ती घट्ट बसली आहे, जोर लागेल. ‘ट्राय ओपनिंग द विंडो.’ खिडकी उघडून बघ. उघडणं सोपंच आहे, उकडतंय ते कमी होतं का बघू. ‘उघडून बघ’! हा बारकावा समजावताना इंग्रजीत शिकवणाऱ्याला परिच्छेद लागतो. मराठीत दोन शब्द पुरतात.

हे सगळं तुम्हाला येत होतं, बाई. इंग्रजीतलं त्याचं नाव तेवढं माहीत नव्हतं.

पण मराठी सगळीकडे हात धरून नेत नाही, आणि हे लपवलं तर तुम्ही पुन्हा अशाच एखाद्या रात्री जागाल. ‘मला पोहायला आवडतं’ हे मनात धरून मूल ‘आय एन्जॉय टु स्विम’ लिहितं. ‘-आयला’ आलं म्हणून ‘टु’. ‘लाइक’पुढे ते चाललं असतं, ‘एन्जॉय’पुढे चालत नाही, तिथे ‘स्विमिंग’च हवं. उलट ‘येण्याचं ठरवलं’, ‘येण्याचं वचन दिलं’ या वाक्यांत मराठीत ‘-ण्याचं’ आहे, तरी इंग्रजीत ‘डिसाइडेड टु कम’, ‘प्रॉमिस्ड टु कम’. कोणतं क्रियापद काय मागतं हे अर्थावरून थोडंसं कळतं. घडून गेलेल्या, प्रत्यक्षातल्या गोष्टीकडे आयएनजीचा कल, अजून व्हायच्या गोष्टीकडे ‘टु’चा. ‘फिनिश’, ‘डिनाय’ यांना आयएनजी, ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘प्लॅन’ यांना ‘टु’. पण लगेच ‘सजेस्ट’ आणि ‘पोस्टपोन’ येतात, गोष्ट पुढची आणि तरी आयएनजी. तेव्हा हा कल आहे, कायदा नाही. मुलांना 40 क्रियापदांची यादी देऊ नका. आठवड्याला तीन द्या, आणि प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या गोष्टीवर एकेक वाक्य करून आणायचं. ‘माय फादर अव्हॉइड्स ईटिंग चिलीज.’ ‘माय ब्रदर कीप्स सिंगिंग.’ या दुसऱ्या वाक्यात मराठीत ‘गात राहतो’ येतं, ‘-णं’ येत नाही, म्हणजे आपली कसोटी इथे फसते. फसते तिथे फसते म्हणून सांगा. मुलांना ते आवडतं.

सगळ्यात जास्त चूक जिथे होते ती जागा वेगळी आहे, आणि ती नोकरी करणाऱ्या वाचकांनीही नीट वाचावी. मोठमोठ्या पगाराची माणसं ईमेलच्या शेवटी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहितात. ‘टु’ दिसला की पुढे मूळ क्रियापद, असं शाळेत डोक्यात बसलेलं. पण इंग्रजीत ‘टु’ दोन आहेत. एक क्रियापदाचा, एक शब्दयोगी अव्ययासारखा (इंग्रजीत प्रेपोझिशन), आपल्या ‘कडे’सारखा. ओळखायचं कसं? ‘टु’पुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु द वेडिंग’ जमतं. ‘आय वॉन्ट टु द वेडिंग’ जमत नाही. जिथे नाम जमतं तिथला ‘टु’ नाम मागणारा, म्हणून क्रियापदाने तिथे नाम होऊनच यायचं: ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’. मराठीत म्हणून बघा, ‘तुम्हाला भेटण्याकडे डोळे लागले आहेत’. ‘भेटकडे’ असं होतच नाही, आधी ‘भेटण्या’ व्हावं लागतं. ‘आय युज्ड टु वॉक’ म्हणजे मी चालत जायचे, आणि ‘आय ॲम युज्ड टु वॉकिंग’ म्हणजे मला चालायची सवय आहे. तिथेही हेच दोन ‘टु’.

बाकीच्या प्रेपोझिशनचं तर अगदी सोपं. ‘झोपण्यापूर्वी, जेवल्यावर, विचारल्याशिवाय, बोलण्याऐवजी’ यात एकही शब्दयोगी अव्यय मूळ धातूला थेट चिकटलेलं नाही. इंग्रजीतही ‘बिफोर स्लीपिंग, आफ्टर ईटिंग, विदाउट आस्किंग, इन्स्टेड ऑफ टॉकिंग’. ‘इंटरेस्टेड टु लर्न’ऐवजी ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’, ‘हॅबिट टु गेट अप’ऐवजी ‘हॅबिट ऑफ गेटिंग अप’, ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘सॉरी फॉर बीइंग लेट’. एवढी एक ओळ पक्की झाली तरी अर्जातल्या आणि मुलाखतीतल्या पुष्कळ चुका जातील.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. इंग्रजी सोडावं का?

शिकवण्यात मनच नसेल तर सोडावं, त्यात कमीपणा नाही. पण तुमचं पत्र तसं नाही. आठवीच्या मुलीचा प्रश्न घरी घेऊन जाणारी आणि रात्री त्याचं उत्तर शोधत बसणारी शिक्षिका मी सोडू देणार नाही. तुमच्या जागी जो येईल तो बहुतेक हाच नियम फळ्यावर लिहील, आणि त्याला कुणी हा प्रश्न विचारलेला नसेल.

मग गुपचूप दुरुस्ती करावी का? हा मार्ग मोहाचा आहे, त्याचा विचार मी नीट केला. नवा नियम शिकवायचा, जुन्याबद्दल काही बोलायचं नाही. पण मुलांच्या वह्यांमध्ये जुना नियम तुमच्याच शब्दांत आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे आठवीतल्या मुलाने हे आयएनजी सात वर्षं बघितलंय, आणि बहुतेक वेळा चालू काळ म्हणूनच. ते सहज निघणार नाही. दोन्ही नियम एकमेकांशी भांडत राहतील. आणि माझ्या मते याहून मोठं नुकसान त्या मुलीचं होईल. तिला वाटेल आपला प्रश्न वेडगळ होता. पुढच्या वेळी ती गप्प बसेल.

माझी एक गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मुलाने वहीत ‘आय रिमेंबर सीइंग हिम’ लिहिलं होतं. मी लाल शाईने फुली मारून ‘टु सी’ केलं. त्याचं वाक्य बरोबर होतं. ‘त्याला पाहिल्याचं आठवतंय’ हेच त्याला म्हणायचं होतं. मला ते कळलं तेव्हा वर्ष संपून तो दुसऱ्या गावी गेला होता. ती फुली मला पुसता आली नाही. तुमची मुलगी अजून मागच्या बाकावर आहे.

म्हणून सांगा. पण माफीचा कार्यक्रम नको, डोळ्यांत पाणी नको, 12 वर्षांचा हिशेब नको. तीन-चार वाक्यं पुरतात: ‘‘गेल्या महिन्यात हिने एक प्रश्न विचारला होता. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. तिचं बरोबर होतं, माझा नियम अपुरा होता. आज उरलेला शिकू.’’ आणि खडू तिच्या हातात द्या, तिचं वाक्य तिलाच फळ्यावर लिहू द्या. एखादा मुलगा दोन दिवस चिडवेल, ‘बाईंचं चुकलं’ म्हणेल. म्हणू दे. सहकाऱ्यांची भीती मला समजते, वर्ग सांभाळणं सोपं नाही, पण मुलं किंमत कमी करतात ती उत्तर टाळणाऱ्याची. टाळलेलं त्यांना लगेच कळतं, आणि त्या दिवशी ते वर्गाला कळलेलं आहेच.

जी मुलं शाळा सोडून गेली त्यांचं काय, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या झोपेत ती असणार. त्यांचं नुकसान शून्य आहे असं मी म्हणणार नाही. त्यातली कुणी गावातच नववी-दहावीत असतील तर भेटल्यावर सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. बाकीच्यांना कधी तरी कुणी तरी सांगेल. तुमच्या हातात येत्या जूनची सहावी आहे.

प्रशिक्षणातल्या सूचनेबद्दल थोडं. ती अगदीच चुकीची नाही. तासभर मराठीतून भाषांतर चाललं तर मुलांच्या कानावर इंग्रजी पडणारच कुठून? गावात दुसरीकडे कुठे ते ऐकू येत नाही. तेव्हा मराठी कुलपाच्या किल्लीसारखं वापरा. पाच मिनिटं ‘पिणं’ आणि ‘प्यायला’, फरक डोक्यात शिरला की मराठी बंद, आणि मग त्याच साच्याची 15 वाक्यं मुलांच्या तोंडून इंग्रजीत.

तुमच्या स्वतःच्या अभ्यासासाठी वेगळा क्लास लावायची घाई करू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शब्दकोश घ्या, मोबाइलवरही मिळतो. त्यात ‘एन्जॉय’ काढलंत तर पुढे ‘डुइंग समथिंग’ असं दिलेलं असतं, ‘डिसाइड’पुढे ‘टु डू समथिंग’. शंका आली की तिथे बघायचं, आणि बघितलेलं एका वहीत, शेजारी आपलं मराठी वाक्य लिहून ठेवायचं. कधी एखाद्या वाक्यात हा जेरंड की पार्टिसिपल हे ठरेना तर अस्वस्थ होऊ नका. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणात या दोन्हींना वेगळं न मानता एकच ‘जेरंड-पार्टिसिपल’ असं नाव दिलंय. शाळेत कामावरून वेगळं ओळखणं उपयोगाचं आहे, म्हणून ते शिकवावं. पण नावावरून मुलाचे गुण कापू नयेत. त्याने वाक्य बरोबर लिहिलं का, एवढं बघावं.

सोमवारी तुमचा आठवीवर तास असेल तर सोमवारीच करा, पुढे ढकलू नका. वर्गात जाण्याआधी ‘ट्राय टु ओपन’ आणि ‘ट्राय ओपनिंग’ या दोन वाक्यांसाठी एखादी घट्ट बसलेली खिडकी हेरून ठेवा. आणि खडू हातात घेतल्यावर त्या मुलीने काय लिहिलं, ते मला नक्की कळवा.